दिवसातून एक न्हाई

मी एकदा शिट्टी वाजवून जिनिंगमधला सगळा कापूस ओला करवला होता.

परतूरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करायच्या कारखान्यात, सुपरवायझर म्हणून लागून मला आठवडासुद्धा झाला नव्हता. चांगल्या कापसातून किडका, पिवळा पडलेला कापूस वेचून बाजूला काढायला तिथं बायांची मोठी टोळी होती. बाया चहाला गेल्या की लवकर परत यायच्या नाहीत. हाका मारमारून माझा घसा बसला. मग मला अक्कल सुचली. नवरा शाळेत मास्तर. त्याच्या खेळाच्या पेटीतली शिट्टी मी दोरीसकट गळ्यात घालून आणली आणि चहाची वेळ संपल्याबरोबर अशी फुंकली की माझ्याच कानाला दडे बसले.

जिनिंगमध्ये शिट्टीचा अर्थ एकच. आग. सगळ्या परतूरला हे माहीत होतं, मला सोडून. हमाल बादल्या घेऊन धावले, कुणी वाळू फेकली, कुणी टाकीचा पाइप ओढला आणि उन्हात पसरलेल्या त्या कोरड्या, पांढऱ्याशुभ्र कापसावर धो धो पाणी सोडलं. मीसुद्धा धावले. ‘आग कुठंय? आग कुठंय?’ असं सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडत होते आणि शिट्टी गळ्यात लोंबत होती.

तेव्हा मॅनेजरबाई आल्या. त्यांनी आधी ओल्या ढिगाकडे पाहिलं, मग शिट्टीकडे, मग माझ्याकडे. आता ह्या नव्या बाईची नोकरी गेली, अशा आनंदानं बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

“आग लागली तर किती जल्दी येता तुम्ही, ते तरी कळलं,” त्या म्हणाल्या. “आता कापूस उलथा आन् वाळत घाला.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “कुसुमताई, चला. एक फेरी मारू.”

ह्या विशाखाताई. त्यांच्याबद्दलच लिहायला बसले आहे.

कारण माझ्या नातीचं असं झालंय. ती जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत आहे आणि आता तिच्या हाताखाली माणसं दिलीत. तेव्हापासून ती मोबाइलवर कोट घातलेल्या एका माणसाची भाषणं ऐकते. तो स्टेजवर येरझारा घालतो आणि लीडर कसं व्हायचं ते सांगतो. परवा मी तिच्या खांद्यावरून डोकावले आणि म्हटलं, “ह्याच्या कोटावर एक धागासुद्धा नाही गं चिकटलेला. हा कुठल्या कारखान्यात गेला होता?” ती चिडली. म्हणाली, “आजी, मग तू सांग.” मला सांगता येत नाही. मी जे काही केलं ते उलटंपालटं केलं. पण मी एक बाई पाहिली आहे.

विशाखाताई उंच आणि काटकुळ्या. नायलॉनची साडी, तिच्यावर पुरुषी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. चष्म्याला मागून दोरी बांधलेली, कारण वाकून मशीनमध्ये बघायची सवय. जिनिंगमध्ये दिवसभर रुईची लव उडते आणि केसांवर, भुवयांवर बसते. त्यामुळं संध्याकाळपर्यंत तिथं सगळ्याच म्हाताऱ्या होतात, अठरा वर्षांची पोरगीसुद्धा. घरी जाताना सगळ्याजणी डोकी झटकायच्या. विशाखाताई झटकायच्या नाहीत. तशाच पांढऱ्या डोक्यानं बाजारातून जायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “चोरी करून आल्ते का मी? काम करून आले. दिसू द्या.”

वडील रेल्वेत गँगमन. पोरीला औरंगाबादला ठेवून बी.कॉम. केलं. जिनिंगमध्ये क्लार्क म्हणून लागलेली ही बाई मॅनेजर कशी झाली, ते मला धड माहीत नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. माझ्याआधी जे घडलं ते घडलं. मला एवढंच माहीत की एप्रिलमध्ये जयंती आली की त्या पांढरी साडी नेसून शेठच्या केबिनच्या दारात उभ्या राहायच्या. सीझनचा शेवट, कामाची घाई. शेठ म्हणायचे, “बाई, उद्या सुट्टी?”

“मागून न्हाई राह्यले शेठ. सांगून राह्यले.”

मी केदारखेड्याच्या बऱ्या घरातली. माझी सासू तेव्हा जिवंत होती. तिनं ऐकलं की मॅनेजर कोण आहे, तेव्हा तिचा घास तोंडातच राहिला. “तिच्या हाताखाली काम करणार तू?” मी म्हटलं, “आत्याबाई, पगार तर शेठच देतो.” बघा माझं उत्तर. सासूला गप्प केल्याचा मला केवढा अभिमान! पण पहिला महिनाभर मी पाणी घरून बाटलीत न्यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, मला बाहेरचं पाणी सोसत नाही, घसा धरतो. माझा घसा! विहिरीपासून जत्रेपर्यंत कुठलंही पाणी प्यालेला घसा.

विशाखाताईंच्या लक्षात यायला किती वेळ लागणार? एक दिवस मशीनपाशी उभ्या असताना त्या सहज म्हणाल्या, “कुसुमताई, तुमचं पाणी तुम्ही खुशाल प्या. फक्त बाटली पट्ट्याच्या कडेला ठेवू नका. अडकली तर पट्टा तुटंल, आन् पट्टा महाग हाय.”

संपलं. ना टोमणा, ना भाषण. मला वाटलं होतं, त्या दुखावतील, मग मी मोठ्या मनानं समजूत काढीन. मी मनात तयारीसुद्धा केली होती. त्यांनी मला पट्ट्याच्या किमतीला आणून बसवलं. पुढं मार्चात ऊन तापलं. माझी बाटली दुपारीच संपली. कुणी बघत नाही असं बघून मी जिनिंगच्या माठापाशी गेले आणि घटाघटा प्याले. मागून विशाखाताईंचा आवाज आला, “गार हाय का?”

“हाय,” मी म्हटलं.

तर ती शिट्टीनंतरची फेरी. जिनिंगच्या कंपाउंडला आतून एक पायवाट होती. गोदामाच्या मागून, सरकीच्या ढिगावरून, वजनकाट्यापाशी. कुणाला बोलायचं असलं की विशाखाताई त्याला त्या वाटेनं न्यायच्या. चारचौघांत त्या कुणाला काही बोलल्याचं मी ऐकलं नाही. शिट्टीच्या दिवशी अर्ध्या वाटेवर थांबल्या आणि हात पुढं केला. मी शिट्टी काढून दिली.

“बाया चहाहून उशिरा का येतात?”

“आळशी आहेत,” मी म्हटलं.

“चहावाला उशिरा येतो. त्याची सायकल पंक्चर असती रोज. तुम्ही चहाच्या वेळी कुठं असता?”

मी केबिनमध्ये असायचे. पंख्याखाली. तिथं शेठचा चहा वेळेवर यायचा.

“उद्यापासून आपला चहाबी त्याच्याकडंच,” त्या म्हणाल्या. आणि पुढं चालू लागल्या. दुसऱ्या दिवसापासून मला चहा उशिरा मिळायला लागला आणि चौथ्या दिवशी मी स्वतः जाऊन त्या चहावाल्याला दुसरा टायर शोधून दिला.

फेरीला बोलावलं म्हणजे शिव्याच, असं आधी होतं म्हणे. मग बाईंनी काय केलं, तर कुणालाही फेरीला न्यायला लागल्या. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, चला फेरी. कुणी चांगलं काम केलं, चला फेरी. कधीकधी नुसतंच, गप्पा मारायला. त्यामुळं लांबून बघणाऱ्याला कळायचंच नाही की आत्ता शिव्या चालल्यात की शाबासकी. आम्ही तोंडं वाचायचा प्रयत्न करायचो. काही कळायचं नाही. परत येणारा माणूस अब्रू घेऊन परत यायचा.

दुसरी त्यांची सवय मला फार छळायची. काहीही काम सांगितलं की म्हणायच्या, “आता मी काय म्हणले ते सांगा.” मी बारावी पास बाई! मला पहिलीतल्या पोरीसारखं म्हणून दाखवायला लावतात, ह्याचा मला संताप यायचा. एकदा मी फणकाऱ्यानं म्हणून दाखवलं आणि ते पार चुकीचं निघालं. उजवीकडचं गोदाम रिकामं करायचं होतं, मी डावीकडचं म्हटलं. मला वाटलं आता हसतील. “म्हंजे मीच नीट सांगितलं न्हाई,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा सांगितलं. त्यावर मी काय भांडणार?

आता कडीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय ही बाई कळायची नाही.

बायांच्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. एकजण आत गेली की दुसरी बाहेर राखणीला. शेठला सांगून झालं. शेठ माणूस वाईट नव्हता, गोड बोलायचा. “हो हो, बसवून घेऊ” म्हणायचा आणि विसरायचा. पुन्हा सांगितलं, पुन्हा “हो हो.” एक दिवस सकाळी विशाखाताई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शेठच्या केबिनमागच्या संडासात शिरल्या, तिथली कडी काढली आणि बायांच्या दाराला ठोकून टाकली. मी बाजूला उभी. मला वाटलं, ही बाई वेडी झाली.

दुपारी शेठ जेवून आले. केबिनमागं गेले. नंतर कळलं की ते एक पाय लांब करून दार दाबून बसले होते. बाहेर आले ते लालबुंद. “माझी कडी कुणी काढली?”

“मी काढली,” विशाखाताई म्हणाल्या. “तुम्ही एकटे हाय, एक पाय लावला तरी चालतं. बायांना रांग लागती.”

दुसऱ्या दिवशी बाजारातून कड्या आल्या. एक नाही, पिशवीभर. गोदामाच्या दारालासुद्धा लागल्या, जिथं गरज नव्हती.

तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, “ताई, तुम्हाला भीती नाही वाटत? मालक आहे तो.” त्या लवंग चघळत होत्या. दात दुखायचा त्यांचा. म्हणाल्या, “वाटती ना. म्हणून तर सवय ठेवते. दिवसातून एकदा तरी मालकाला न्हाई म्हणायचं. बारक्या गोष्टीला म्हणायचं. चहा घेता का? न्हाई. पंखा लावू का? न्हाई. त्यालाबी सवय राहती ऐकायची आन् आपल्यालाबी म्हणायची. एकदम मोठा न्हाई म्हणायची वेळ आली तर जीभ जड होती माणसाची.”

मला ते फार आवडलं. मी घरी जाऊन नवऱ्यावर प्रयोग केला. भाजी कोणती करू, त्यानं सांगितलं ती न्हाई. आठ दिवसांत मास्तर म्हणाले, “जिनिंगमधून तुला काढून टाकायला पाहिजे.” पण शेठसमोर? शेठसमोर माझी मान आपोआप हलायची, वरून खाली. त्यांनी चहा दिला, मी घेतला. पुन्हा दिला, पुन्हा घेतला.

आमच्या जिनिंगचा एक कायदा होता. विशाखाताईंनी बसवलेला. दुपारी अर्धा तास मशीन बंद. त्याला आम्ही थांबा म्हणायचो. त्या अर्ध्या तासात रोलरभोवती, मोटारीभोवती साचलेली रुई झाडून काढायची आणि बेरिंगला हात लावून बघायचा, तापलंय का. कारण बेरिंग तापलं आणि भोवती रुई असली की काडी लावायची गरज नसते. कापूस लगेच भडकत नाही, आतल्या आत धुमसतो, आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मग शेठचा मुलगा आला. पुण्याला शिकून. छोटे शेठ. हातात मोबाइल, पायात असे बूट की मी पहिले दोन दिवस त्यांच्याकडेच बघत होते. शेठनं पेढे वाटले. विशाखाताईंना डबा पुढं केला तेव्हा त्या म्हणाल्या, “न्हाई शेठ, दात दुखतो.” तो त्यांचा त्या दिवसाचा न्हाई.

दुपारी छोटे शेठ मशीनपाशी आले. बाहेर कापसानं भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत लागलेली. वर आभाळ आलेलं, अवकाळी पडेल की काय असं. शेतकरी ताडपत्र्या ओढत होते. छोटे शेठ म्हणाले, “हा अर्धा तास कशासाठी? रोज मशीन बंद ठेवणं परवडतं का? आजपासून थांबा बंद.”

मी विशाखाताईंकडे पाहिलं. त्यांनी रांगेकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. आणि बाई वळून हमीदला म्हणाल्या, “आज चालू राहू दे. माल भिजंल लोकांचा.”

हमीद म्हणजे मशीनवर कापूस टाकणारा माणूस. जवान, बारीक, सारखा गुणगुणणारा. तो म्हणाला, “ताई, बेरिंग पाहिला न्हाई आज.” “उद्या पाहू,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळच्या आधी धूर निघाला. ह्या वेळी शिट्टी वॉचमननं वाजवली आणि ती खरी होती. रुईचा एक मोठा ढीग गेला, भिंत काळी पडली, एक मशीन जळालं. रुईच्या बांधून ठेवलेल्या गाठी वाचल्या, कारण हमीदनं पेटती रुई हातानं ओढून मधली वाट मोकळी केली. त्याचा डावा हात मनगटापर्यंत भाजला. विशाखाताई धुरात उभ्या राहून एकेकीचं नाव घेत होत्या, सगळ्याजणी बाहेर आल्यात का बघत होत्या. कुणीतरी ओरडलं, “कुणामुळं लागली?” त्यांनी तिकडं न बघता म्हटलं, “नाव नंतर! आधी आग!”

दुसऱ्या दिवशी नावाची वेळ आली.

सकाळी शेठनं आधी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. चहा दिला. मी घेतला. म्हणाले, “विशाखाबाई आता थकल्या. इथं पुढं तुमच्यासारखी घरंदाज बाई पाहिजे.” घरंदाज! मी खुर्चीत दोन इंच वर उचलली गेले. कुणाला वगळण्यासाठी तो शब्द वापरलाय हे मला कळत होतं, आणि तरी गुदगुल्या झाल्या. “फक्त एक,” शेठ म्हणाले, “हमीद मशीनपाशी बीडी ओढत होता म्हणे. तुम्ही तिथंच होत्या. तुम्ही पाहिलं असंल.”

मी चहाचा घोट घेतला. मॅनेजरची खुर्ची डोळ्यांपुढं फिरत होती. तिला पाठीला गादी होती.

मग सगळ्यांना पटांगणात गोळा केलं. शेठ, छोटे शेठ ओट्यावर. आम्ही खाली. हमीद हाताला पट्टी बांधून उभा. त्याची नोकरी जाणार एवढंच नव्हतं, जिनिंगला आग लावणारा माणूस म्हणून आसपास कुठल्याच मिलमध्ये त्याला कुणी उभं केलं नसतं. घरी बायको, लहान पोरगी.

“बाई, मैने बीडी न्हाई ओढली,” तो म्हणत होता. “अल्लाकसम न्हाई ओढली.”

“कुसुमबाई,” शेठ गोड आवाजात म्हणाले, “सांगा, तुम्ही काय पाहिलं?”

मी विशाखाताईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. हमीदची पट्टी सैल झाली होती, ती बांधत होत्या. तेवढ्यात मी तोंड उघडलं आणि आतून कोंबडीच्या पिलासारखा आवाज आला: “मी न्हाई पाहिलं.” शेठ म्हणाले, “काय?” मी म्हटलं, “बीडी. न्हाई पाहिली. न्हाई ओढली त्यानं.” आणि लगेच एका जाड बाईच्या मागं जाऊन उभी राहिले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम आणि मी तो पाठीमागं लपून केला.

विशाखाताईंनी पट्टीची गाठ मारली आणि पुढं झाल्या.

“नाव पाहिजे ना शेठ? माझं घ्या. थांबा बंद करा, हे हमीदला कुणी सांगितलं? मी सांगितलं.”

छोट्या शेठनं मान खाली घातली. तो हुकूम कुणाचा, ते सगळ्यांना माहीत होतं. पण बाई त्यांच्याकडे बोट दाखवायला तयार नव्हत्या.

“मला सांगणाऱ्यानं सांगितलं. न्हाई म्हणायचं काम माझं होतं. आभाळ आलं, रांग दिसली, मला वाटलं एक दिवस चालंल. माझा न्हाई मी सकाळी पेढ्यावर घालवला.” मग आमच्याकडे वळल्या. “ऐकलं का सगळ्यांनी? चूक मॅनेजरची हाय. हमीदची न्हाई. बाहेर कुणी विचारलं तर बराबर असंच सांगायचं.”

शेठ म्हणाले, “मग बाई, तुम्हाला राहता येणार नाही.”

“ते मला कळतंय.”

बायांमध्ये गडबड उडाली. एक म्हणाली, आम्हीबी चाललो. दुसरीनं टोपली आपटली. विशाखाताई एवढ्या रागावलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. “कुठं चालल्या? माझ्या मागं येऊन काय करता? रेल्वेचे डबे मोजता? कामाला लागा. आन् दुपारी मशीन बंद करा.”

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. रडायची तयारी करून. दुपारी शेठनं मला पुन्हा खुर्ची देऊ केली होती, हमीदला काढायच्या अटीवर. मला वाटलं, मी सांगेन की मी ती लाथाडते, मग त्या मला जवळ घेतील. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, “घ्या खुर्ची.”

“ताई, तुमची खुर्ची!”

“माझी कशाची? जिनिंगची हाय.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, कुसुमनं विशाखाची खुर्ची खाल्ली. म्हणू द्या. तुम्ही न्हाई बसल्या तर छोटे शेठ बसतील. मंग थांबा गेला आन् हमीदबी गेला.”

“मला काही येत नाही हो.”

“ते मला माहीत हाय,” त्यांनी भाकरी उलटली. “पण तुम्हाला लाज वाटती. तेवढ्यावर पुष्कळ दिवस निघतात.”

मी शेठकडे गेले. खुर्ची घेते म्हटलं, पण हमीद राहील आणि थांबा राहील. शेठनं चहा पुढं केला. मी म्हटलं, न्हाई. जळकी भिंत खिडकीतून दिसत होती. “बघू,” ते म्हणाले. म्हणजे हो नाही, पण नाहीसुद्धा नाही.

खुर्चीवरच्या पहिल्या दिवशी दुपारी मी मशीन बंद करायला सांगितलं. आवाज थांबला. बायांनी झाडू घेतले. छोटे शेठ धावत आले. “कोणी बंद केलं?”

“मी.”

“चालू करा.”

“न्हाई,” मी म्हटलं. ह्या वेळी पिलाचा आवाज नव्हता. मोठ्या कोंबडीचा होता, बस. छोट्या शेठनी वडिलांकडे पाहिलं. मोठ्या शेठनी काळ्या भिंतीकडे पाहिलं, छत्री घेतली आणि जेवायला घरी निघून गेले.

त्याच दुपारी विशाखाताईंची गाडी होती. परभणीला, बहिणीकडे. थांब्याचा अर्धा तास आहे, म्हणून मी स्टेशनवर पळत गेले. त्या बाकावर बसलेल्या, पायाशी पत्र्याची पेटी. तोच शर्ट, तोच दोरीचा चष्मा. केस मात्र चक्क काळे. मला ओळखायला क्षणभर लागला. लवीशिवाय त्यांना मी कधी पाहिलंच नव्हतं. किती तरुण होती ती बाई! माझ्याहून लहान असावी.

“ड्यूटी सोडून आल्या?”

“मशीन बंद केलंय,” मी म्हटलं. “झाडलोट चालू आहे. हमीद आहे.”

त्यांनी नुसती मान हलवली. गाडी लेट होती. मी माझ्या शौर्याचं सांगायला लागले, छोटे शेठ कसे लाल झाले वगैरे. त्यांनी मधेच विचारलं, “त्याच्या पट्टीला औषध कुणी लावलं आज?” मला माहीत नव्हतं. गाडी आली. पेटी मी उचलू लागले तर माझ्या हातून काढून घेतली. दारात उभ्या राहिल्या. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात केला नाही, रुमाल हलवला नाही. त्या माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होत्या, जिनिंगच्या पत्र्यांकडे. मग गाडी वळली.

आता परभणीकडे कुठंतरी डाळमिल सांभाळतात, असं कानावर आहे. फोन कधी लागतो, कधी नाही. मी त्यांना पुन्हा पाहिलेलं नाही.

गाडी गेली आणि मला घड्याळ आठवलं. अर्धा तास कधीच होऊन गेला होता. पहिला दिवस, आणि मॅनेजर पळून गेलेली! छोटे शेठ वाट बघत असतील, सगळे ट्रॅक्टरवाले ओरडत असतील, माझ्यामुळं थांबाच बंद होईल. साडी वर धरून, चपला हातात घेऊन, परतूरच्या भर रस्त्यातून मी धावले. कोपऱ्यावर पोचले तर जिनिंगचा आवाज येत होता. उरलेली सगळी मशिनं चालू. बाया ओळीनं बसून कापूस वेचत होत्या, कुणी मान वर केली नाही. मला धापा टाकताना पाहून हमीद एका हातानं कापूस लोटत म्हणाला, “बाई, तुमची वाट न्हाई पाहिली. झाडून झालं, बेरिंग हातानं पाहिले, थंडे होते, मंग केली चालू. तुम्ही कशाला पळत आल्या?”